ब्रेकचा पाइप

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत जुन्या जीपच्या पोलादी ब्रेक पाइपांना गंज धरणारच. तो धरतो क्लिपांखाली, जिथे चिखल साठतो आणि नजर पोचत नाही. म्हणून मागचा सगळा पाइप आज घरीच केला, कुप्रो-निकेलचा: तांबं आणि साधारण 10 टक्के निकेल. सहज वळतो, गंजत नाही. नुसत्या तांब्याचा मी कधीच घालणार नाही. कंपनांनी ते कडक होतं आणि चिरतं.

खरं काम टोकाशी. कटरनं सरळ कापायचं, आतली कड साफ करायची, नट आधी ओवायचा. फ्लेअरिंग टूलमध्ये पाइप घट्ट आवळून डाय दाबला की कड फुगते; दुसऱ्या दाबाला तीच आत दुमडून दुहेरी होते. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक टोक फिरवून पाहिलं. केसाएवढी चीर दिसली तरी कापून पुन्हा करायचं, इथे चालढकल नको. आंबा घाट उतरताना घरच्यांचा जीव या एवढ्याशा कडेवर असतो.

ऑइल सीलबंद डब्यातलंच. ते हवेतला ओलावा ओढतं: डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरला की ही हद्द 155 पर्यंत उतरू शकते.

मग एअर काढली, लांबच्या चाकापासून. मुलगा पेडल दाबायचा, मी निपल सैल करायचो. शेवटी त्यानं पेडल जोरात दाबून धरलं आणि मी प्रत्येक नटाखाली कागद फिरवला. ओल नाही. उद्या आधी अंगणात, मग गल्लीत, घाट नंतर.