हरवलेला रविवार

प्रवासांत माणसाचें काय काय हरवतें याची यादी करावयास बसलें तर ती बहुधा छत्रीपासून सुरू होते. आमच्या हातून आजवर तीन छत्र्या, एक चष्मा आणि लग्नांत मिळालेलें एक घड्याळ, इतका ऐवज आगगाड्यांच्या स्वाधीन झाला आहे. परंतु या वस्तु निदान कोणाच्या तरी उपयोगीं पडल्या असतील, असें समाधान मानतां येतें. आमचा एक अख्खा रविवार मात्र असा हरवला, कीं तो कोणालाच सांपडण्याचा संभव नाहीं.

आमच्या कन्येचें बिऱ्हाड लॉस अँजेलिसला, आणि धाकटे बंधु न्यूझीलंडमध्यें ऑकलंडला. कन्येकडे कांहीं दिवस राहून तसेंच बंधूंकडे जावें, असा बेत ठरला. तिकिटें आलीं तेव्हां तीं आमच्या सौभाग्यवतींनीं प्रथम वाचलीं.

"अहो, हें बघितलंत का? शनिवारीं रात्रीं दहाला निघायचं आणि सोमवारीं सकाळीं सहाला पोंचायचं. विमान तर तेराच तास उडणार. मग रविवार गेला कुठं?"

शिकविण्याची संधि आम्ही सहसा सोडीत नाहीं. पॅसिफिक महासागरांतून जाणारी वाररेषा, ती पश्चिमेकडे ओलांडली कीं एक वार वगळावा लागतो, पूर्वेकडे ओलांडली कीं तोच वार पुन्हां मोजावा लागतो, हें सारें आम्हीं एका संत्र्याच्या साहाय्यानें समजावून दिलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, संत्रें सोललें आणि म्हटलें, "तें सगळं ठीक आहे. पण रविवारींच सासूबाईंची तिथि आहे."

त्या रात्रीं झोंप येईना. तेव्हां आमच्यापूर्वीं ज्यांचे दिवस हरवले अशा मंडळींची आठवण करीत आम्ही पडून राहिलों. त्यांतला सर्वांत प्रामाणिक मनुष्य म्हणजे मॅगेलनच्या काफिल्यांतील इटालियन प्रवासी पिगाफेत्ता. १५१९ सालीं स्पेनहून पांच जहाजें पश्चिमेच्या वाटेनें निघालीं. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून त्यांतलें एकच परत आलें. खुद्द मॅगेलन १५२१ सालीं फिलिपाइन्समध्यें मारला गेला. १५२२ च्या जुलैंत उरलेलें जहाज केप व्हर्द बेटांपाशीं आलें, तेव्हां किनाऱ्यावर गेलेल्या खलाशांनीं आज वार कोणता, अशी चौकशी केली. जहाजावर बुधवार होता. बेटावरचे लोक म्हणाले, गुरुवार! पिगाफेत्ता बुचकळ्यांत पडला. तो कधीं आजारी पडला नव्हता, आणि रोजनिशी लिहिण्यांत त्यानें खंड पडूं दिला नव्हता. पुढें उलगडा झाला. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे पृथ्वीला वळसा घालणाऱ्यास घरीं राहिलेल्यांपेक्षां एक सूर्योदय कमी दिसतो. रोजनिशी बरोबर होती आणि वार मात्र चुकला होता.

ज्यूल व्हर्नच्या ऐंशीं दिवसांच्या कादंबरींतला फिलिअस फॉग याच्या उलट दिशेनें गेला. मुंबईहून आगगाडीनें कलकत्त्याकडे निघालेला हा गृहस्थ पूर्वेकडे जात राहिला. लंडनला आपण पैज हरलों असें समजून तो बसला असतां, अजून शनिवारच आहे असा शोध लागला, आणि त्या फुकटच्या दिवसानें त्याची पैज जिंकून दिली.

पण हे एकटे-दुकटे प्रवासी झाले. संबंध देशांनींही दिवस गमावलेले आहेत. फिलिपाइन्सचा कारभार अमेरिकेच्या वाटेनें चाले, म्हणून तेथील वारही अमेरिकेचेच. तें बदलण्यासाठीं १८४४ सालीं ३१ डिसेंबर हा दिवसच गाळण्यांत आला. सामोआ बेटांनीं १८९२ सालीं अमेरिकेशीं व्यापार सोयीचा व्हावा म्हणून ४ जुलै हा दिवस दोनदां पाळला. आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशीं व्यवहार वाढल्यावर २०११ सालीं ३० डिसेंबरचा शुक्रवार वगळून तें कर्ज फेडून टाकलें. गुरुवारीं रात्रीं निजलेली माणसें शनिवारीं सकाळीं उठलीं. तेव्हां तेथील एका ख्रिस्ती पंथापुढें मोठा पेंच पडला. सातव्या दिवशीं विसावा घेण्याची त्यांना देवाची आज्ञा. पण आतां सातवा दिवस सरकार म्हणतें तो, कीं कालपर्यंत होता तो? या प्रश्नावर त्यांच्यांत फूट पडली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां आम्ही मनसोक्त हंसलों होतों. त्या रात्रीं मात्र हंसूं आलें नाहीं.

याचें कारण सांगणें प्राप्त आहे. मातोश्रींच्या अखेरच्या आजारांत, "लौकर ये," असा निरोप आला, तेव्हां आम्ही परगांवीं परीक्षेच्या कामांत होतों. उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा उरला होता. तो संपवून उद्यां निघूं, असें आम्हीं ठरविलें. घरीं पोंचलों तेव्हां तो एक दिवस आमच्या हातून निसटून गेलेला होता. कोणी शब्दानेंही बोललें नाहीं. पुढें दरवर्षीं ज्येष्ठ वद्य नवमीस आम्ही श्राद्धास बसत आलों. परंतु खरें सांगावयाचें तर एक डोळा घड्याळावर ठेवून. आणि आतां तोच दिवस आकाशांतून परस्पर नाहींसा होणार म्हणतांच आम्ही कासावीस झालों. तिचा एक दिवस आम्हीं पूर्वीं बुडविला होता, हा दुसरा.

पहांटे उठून पंचांग काढलें. ज्या पंचांगाकडे आम्हीं आजवर शिष्टाचारापुरतेंच पाहिलें होतें, त्यानें आम्हांस धडा दिला. वार व तारीख हीं माणसांनीं आपसांत केलेल्या कराराचीं अपत्यें. तिथीचें तसें नाहीं. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश सरकला कीं एक तिथि सरते. तिला कधीं वीस तास लागतात, कधीं सव्वीस. म्हणूनच तिथीचा क्षय किंवा वृद्धि झाली तरी आपल्या घरांत कोणी दचकत नाहीं. वाररेषा कोठून गेली आहे याची चंद्राला खबरही नसते. नवमी भारतांत रविवारीं सकाळीं दहाच्या सुमारास लागून सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास संपत होती. लॉस अँजेलिसच्या घड्याळांत तिचा आरंभ शनिवारीं रात्रीं साडेनऊला, म्हणजे विमान सुटण्यापूर्वीं अर्धा तास! ऑकलंडचें घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढें. म्हणजे तेथें सोमवारीं दुपारीं साडेचारपर्यंत नवमीच होती. रविवार बुडत होता. आईची तिथि आमच्याबरोबर प्रवास करीत होती.

सोमवारीं सकाळीं बंधु विमानतळावर आले होते. आम्हीं भीतभीतच विषय काढला, कारण परदेशीं गेल्यापासून त्यांनीं हें सारें सोडून दिलें होतें. ते थोडा वेळ गाडी चालवीत राहिले. मग म्हणाले, "दादा, दर वर्षीं तुझा फोन झाला कीं मी नुसता बसून राहतो. आज बरोबर बसूं."

भटजी नव्हते, दर्भ नव्हते. दोघांना मिळून जेवढे मंत्र आठवले तेवढे म्हटले. सौभाग्यवतींनीं खीर केली, वडे केले. बाहेर जुलैची थंडी होती आणि कुंपणावर कावळा कांहीं दिसेना. तेव्हां पान तेथल्या अनोळखी पांखरांपुढें ठेवलें. दुपारचे तीन वाजले होते. आम्हीं घड्याळ पाहिलें तें नवमी अजून आहे ना, एवढ्याचसाठीं.

त्या वर्षाच्या आमच्या रोजनिशींत रविवारचें पान कोरें आहे. सोमवारच्या पानावर इतकेंच लिहिलें आहे: 'आईचें श्राद्ध. वेळेवर पोंचलों.'