आजोबांच्या जीपला टर्बो

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ‘पाना’ हा शब्द मला पुस्तकाच्या पानाचा भाऊबंद वाटायचा. तो नट-बोल्ट खोलायचा असतो हे गडहिंग्लजच्या एका गॅरेजमध्ये कळलं. सेकंड इयरपर्यंत इंजिन म्हणजे माझ्यासाठी पी-व्ही डायग्राम. वायवाला सर विचारणार, आपण बोर्डवर काढणार, विषय संपला. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत तो डायग्राम ग्रीस लागलेल्या हातांनी समोर आला. त्याची ही गोष्ट.

आजरा तालुक्यात आमची काजूची बाग आहे. सगळी चढावर, लाल माती, मधूनमधून जांभा दगड. तिथल्या कामाला आजोबांची १९७२ सालची महिंद्रा जीप, मॉडेल सीजे-३बी. ही गाडी ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना तिचं उंच बॉनेट आठवेल. ते शोभेसाठी नाही हं. लढाईतल्या जीपच्या इंजिनाला दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असायचे. विलीज कंपनीने १९५३ मध्ये या मॉडेलला ‘हरिकेन’ नावाचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन दिलं, त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला. इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद झालं. आपल्याकडे मात्र पुढेही कित्येक वर्षं बनत राहिलं.

तर आमच्या ‘हरिकेन’चा दम गेला होता. दोनदा बोअर करून झालेलं, आता तिसऱ्यांदा करायला सिलिंडरच्या भिंतीत धातूच उरला नव्हता. रस्त्यावर लिटरला सात किलोमीटर, आणि बागेत ॲव्हरेजचं नावच काढायचं नाही. काका म्हणाले, पुण्यातल्या एखाद्या शौकिनाला विकून टाकू, चांगले पैसे येतील. मी म्हटलं, स्लीव्ह टाकू, म्हणजे ब्लॉकमध्ये नव्या नळ्या बसवून मूळ मापाला आणू. आणि आजोबा? त्यांनी शेजारच्या बोलेरो पिकअपमधून भरल्या पोत्यांसकट आमचाच चढ चढून पाहिला होता. ते एवढंच म्हणाले, “हिच्यात तसलं घाला.”

माझ्या स्लीव्हच्या हट्टामागे एक कारण होतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. आमची जीप २०२२ मध्येच पन्नाशीची झाली. म्हणजे अर्धशतक सांभाळलेली वस्तू मान मिळायच्या वेळेलाच आपण कापायला निघालो होतो! मी हे सगळं आजोबांना समजावून सांगितलं. नियमांची प्रिंट काढून नेली होती. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. तशी नोंदणी केल्यावर गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, किंवा पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. आजोबांनी प्रिंट घडी करून मला परत दिली. “प्रदर्शनात उभी करायला घेतली होती व्हय मी?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण टर्बोची वाट तरी मोकळी कुठे होती? मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने मूळ जो तपशील दिला त्याच्याशी आरसी पुस्तकातली माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी, बॅटरी वगैरे किटला अटींसह मुभा आहे, पण दुसऱ्याच गाडीचं इंजिन म्हणजे किट नव्हे. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. पूर्वी आमच्या भागात पेट्रोल जीपचं डिझेल करणं म्हणजे घराला रंग देण्याइतकी साधी गोष्ट होती. कुणी मेटॅडोरचं इंजिन घालायचं, कुणी इगतपुरीला बनणारं प्युजो. आज ते दिवस नाहीत, आणि फूटपाथवरून चालणाऱ्यांच्या दृष्टीने बरंच आहे.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. टर्बो घालायचा, पण जीप बागेच्या कुंपणाबाहेर काढायची नाही. आरसी जमा करून टाकायचं. आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ही तीच जीप, जिच्यातून ते दर शुक्रवारी बाजाराला जात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “चालंल.”

इंजिन मिळालं ते अपघातात गेलेल्या एका पिकअपचं. २५२३ सीसी, डीआय टर्बो, कॉमन रेलच्या आधीच्या जमान्यातलं. हे मुद्दाम. कॉमन रेल घेतलं की त्याच्याबरोबर ईसीयू, डझनभर सेन्सर आणि वायरचं जाळं आलं. यात मेकॅनिकल पंप आहे. डिझेल आणि स्टार्टरला करंट द्या, चालू.

आता गंमत बघा. कागदावर या इंजिनाची ताकद जुन्यापेक्षा कमी आहे! जुनं पेट्रोल ४००० आरपीएमला सत्तरच्या वर हॉर्सपॉवर द्यायचं, हे ३२०० ला ६३. मग खटाटोप कशाला? तर टॉर्कसाठी. जुन्याचा सुमारे १५५ न्यूटन-मीटर, तोही २००० आरपीएमला. याचा १८० च्या आसपास, आणि १५०० लाच. चढावर पोती घेऊन निघताना पहिल्या वीस फुटांत जे लागतं ते हेच. त्याची किंमत वेगात मोजायची. आमच्या ॲक्सलचा रेशो ५.३८. मी हॉस्टेलवर गणित केलं, ३२०० आरपीएमला टॉप गिअरमध्ये ताशी ७८-७९ किलोमीटर, आधी ९८ पर्यंत जायची. काजूच्या बागेत ७८ ने कोण जाणार आहे म्हणा.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, इंजिन बसवायला दोन दिस. ऱ्हायलेलं बसवायला म्हैना.” अगदी तसंच झालं. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस जुनेच ठेवायचे होते, पण दोन वेगळ्या गाड्यांचे बोल्ट एकमेकांना ओळखत नाहीत. मधे लोखंडी जाड ॲडॉप्टर प्लेट लागते. ती लेथवर केली. तिचं केंद्र केसाच्या जाडीएवढं जरी सरकलं तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बेअरिंगमध्ये वाकडा फिरणार आणि दोन्ही खाणार. इथे कॉलेजमधला डायल गेज कामाला आला (परवानगी घेऊन आणला होता, सर वाचत असतील तर). मिस्त्री आधी हसले. मग काटा हलताना बघून त्यांनी स्वतःच प्लेट तीन वेळा सरकवली.

पुढे रांगच लागली. नवं इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसले, त्यात एक पान वाढवलं. सम्प पुढच्या डिफरन्शिअलच्या गोळ्यावर आपटत होता, म्हणून तो कापून नव्याने वेल्ड केला. टर्बोचं तेल परत सम्पमध्ये येतं ते नुसत्या उतारावर, पंपाने नाही, म्हणून त्या पाइपला कुठेही वर चढू द्यायचं नाही. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे वायपर! आमच्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवा अडवतो म्हणून व्हॅक्यूम तयार होतो. या डिझेलला थ्रॉटलच नाही, मग व्हॅक्यूम कुठून येणार? थर्मलच्या पुस्तकात ही ओळ मी पाच वेळा वाचली असेन. वायपर जागचा हलेना तेव्हा ती समजली. आता इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे. बॉनेटला मात्र कुठेही हात लावावा लागला नाही. हरिकेनसाठी उचललेल्या त्या उंचीत टर्बो आरामात मावला.

जानेवारीत जीप ट्रकवर चढवून बागेत नेली. आपल्या पायाने गेली नाही. ट्रक गावातल्या चौकातून गेला तेव्हा आजोबा ड्रायव्हरशेजारी बसून सरळ समोर बघत होते, कुणी हात केला तरी त्यांनी मान वळवली नाही.

एप्रिलमध्ये काजूच्या बिया भरून ती लो गिअरमध्ये चढली. ॲक्सिलरेटरवर जेमतेम पाय, आणि मागून टर्बोची बारीक शिट्टी. वर पोचल्यावर आजोबांनी लगेच किल्ली फिरवली नाही. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. गरम असताना इंजिन बंद केलं तर तेल थांबतं आणि बेअरिंगमध्येच जळतं, म्हणून मिनिटभर आयडलवर ठेवायचं असतं. हे त्यांना मिस्त्रींनी सांगितलेलं. ते मिनिट ते घड्याळात बघून मोजतात. रेडिएटर मात्र मे महिन्यात तापला. संथ चालीत वारा कमी मिळतो. पंख्याभोवती पत्र्याचं काऊल केल्यावर काटा खाली आला.

जुनं हरिकेन गोठ्याच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय. प्लगच्या भोकांतून तेल सोडून वर ताडपत्री बांधली आहे. सुट्टीत गेले की मी क्रँकला पाना लावून ते दोन फेरे फिरवते, नाहीतर रिंगा गंजून चिकटतील. स्लीव्हचं कोटेशन माझ्याकडे आहे. काकांनी एकदा भंगाराचा भाव विचारून ठेवला होता. आजोबांनीच त्यांना गप्प केलं.