तीन सेलांची बॅटरी

विजेरी हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला. चौलच्या घरात ती बॅटरीच होती, पितळेची, तीन सेलांची, आजोबांच्या उशाशी ठेवलेली. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव 1981 साली आलं. लाइट गेली की बॅटरी कोणी धरायची यावरून आम्हा चुलत भावंडांची जुंपायची. सेल मंदावले की आई ते आंबोशीशेजारी उन्हात वाळत घालायची आणि एखाद-दुसरी रात्र ते खरंच पुन्हा उजेड द्यायचे.

बॅटरीची परीक्षा ठरलेली. ओटीवरून मारली की वाडीच्या टोकाच्या माडाचा शेंडा दिसला पाहिजे. डोकं फिरवून बल्बची तार आरशाच्या नेमक्या जागी आणली की झोत एकवटायचा. पिवळाच, पण पोचायचा. पहिल्या पावसात चिंबोऱ्या धरायला निघालो की आजोबा तोच झोत पसरट करून देत, पायाखालचं फुरसं दिसावं म्हणून.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं आणि कितीतरी दिवस वीज आली नाही. धाकट्याने नऊ एलईडींची नवी बॅटरी आणली होती. अंगण दुधासारखं पांढरं झालं, पण कुठल्या पोफळी पडल्या आणि कुठले माड उभे आहेत, ते काही दिसेना. पुतण्याच्या बॅटरीत एकच एलईडी, नखाएवढासुद्धा नाही. तिने मात्र शेंडा दाखवला.

कारण पुतण्यानेच सांगितलं. लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो किती एकवटला ते कँडेला, आणि पल्ला ठरतो कँडेलावर. एलईडीचा उजळणारा ठिपका जितका लहान आणि प्रखर, आरसा जितका रुंद, तितका झोत लांब. त्याच आरशात मोठा ठिपका बसवला तर उजेड वाढेल, पण पसरेल. नऊ बारक्या एलईडींचा उजेड तर प्रत्येकाच्या आपापल्या भिंगातूनच पसरतो. खोक्यावर मीटरमध्ये छापलेला पल्ला म्हणजे जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, पाव लक्स, उरतो तिथपर्यंतचं अंतर. ते दुप्पट हवं तर झोत चौपट प्रखर लागतो. तेव्हा नुसते ‘हजार लुमेन’ वाचून दुकानदाराला पैसे देऊ नका. आजोबांनी तर बॅटरी दुकानाबाहेर नेऊन समोरच्या माडावर मारून पाहिली असती.

ती पितळी बॅटरी अजून आहे. तिच्या बल्बच्या जागी बसणारा एलईडी मिळतो म्हणून आम्ही हौसेने बसवला. तारेचा उजेड चहूकडे जायचा आणि बराचसा आरशात सापडायचा. हा एलईडी सरळ पुढेच फेकतो, आरशाच्या वाट्याला थोडाच येतो. ओटीवरून विहीर लख्ख दिसते. शेंडा दिसत नाही.