धारगळहून दिवाडी : बेट जवळ, वाट सांभाळून

बेटावर सुट्टी घालवायची म्हटली की आपल्याकडच्या घरांत अंदमान, लक्षद्वीप, फार तर मालदीव यांची नावे निघतात आणि खर्चाचा आकडा ऐकून विषय तिथेच थांबतो. बेळगाव, खानापूर, चंदगडच्या माणसाला चार तासांच्या आत गाठता येईल असे एक हिरवेगार बेट मांडवी नदीत आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. दिवाडी हे त्याचे नाव. त्याला आजही पूल नाही. फेरीबोटीत बसल्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही, आणि लहान मुलांच्या दृष्टीने बेट खरे व्हायला एवढे पुरेसे असते.

माझी मावशी पेडणे तालुक्यातल्या धारगळला दिलेली. त्यामुळे आमच्या घरची गोव्याची सहल धारगळपासून सुरू होते. पूर्वी महामार्गाच्या कडेचे एक शांत गाव एवढीच त्याची ओळख होती. आता मोपाचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आला आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रवासी विमाने उतरतात. पुण्या-मुंबईकडची किंवा परदेशातली नातलग मंडळी थेट इथेच उतरतात आणि आपण बेळगावहून गाडीने येऊन त्यांना गाठायचे, असा नवा प्रघात अनेक घरांत पडू लागला आहे. विमानतळावरून कदंबच्या बसगाड्याही सुटतात. टॅक्सी हवी असेल तर बाहेर कोणाशी घासाघीस करण्यापेक्षा आतल्या अधिकृत खिडकीवर पावती घेऊनच बसावे.

बेळगावहून धारगळला यायला सोयीची वाट आंबोली घाटाची. सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीचे सत्याग्रही जिथे गोळीबारात पडले तेच हे पत्रादेवी. हुतात्मा स्मारकापाशी दोन मिनिटे गाडी थांबवावी, मुलांना सांगावे आणि पुढे निघावे. चंदगडची मंडळी तिलारी घाटाने दोडामार्गला उतरतात. तो रस्ता जवळचा खरा, पण उतार तीव्र आणि वळणे अरुंद. घाटाची सवय नसलेल्या चालकाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कोणताही घाट असो, जुलै-ऑगस्टमध्ये अंधार पडायच्या आत खाली उतरलेले बरे. धुके, दरडी आणि समोरून दिवे न पाडता येणारी गाडी, ही तिन्ही संकटे रात्री एकदमच भेटतात.

बेटाला जायचे म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बोटीत काही होणार नाही ना?’ माझ्या सासूबाई तर नदी ओलांडून होईपर्यंत देवाचे नाव घेत बसल्या होत्या. त्याच सासूबाई सकाळी महामार्गावर आमच्या गाडीने ट्रकला डावीकडून ओलांडले तेव्हा निवांत शेंगा सोलत होत्या. आपले हे असेच आहे. भीती पाण्याची वाटते आणि धोका रस्त्यावर असतो. ६ ऑगस्ट २०२३ रोजी बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव मोटारीने अनेक वाहनांना ठोकरले. तिघे जागीच गेले. त्यांत दिवाडी बेटावरचे एक जोडपे होते. वर्षानुवर्षे फेरीबोटीने ये-जा करणारी ती माणसे नदीने नेली नाहीत, पुलाच्या डांबरावर गेली.

धारगळलाच पाहा. महामार्ग क्रमांक ६६, म्हणजे पूर्वीचा १७, गावाच्या मधून जातो. रुंद झाला तशी गाड्यांची गती वाढली, पण एका बाजूची घरे, दुसऱ्या बाजूचे देऊळ आणि दुकाने होती तिथेच राहिली. मावशी आजही दूध आणायला निघालेल्या नातवाला ‘सवकास वच’ म्हणून दोनदा बजावते. आमच्या घरची कन्नड माणसे त्यालाच ‘निधान होग्री’ म्हणतात. भाषा कोणतीही असो, धारगळच्या नाक्यावर ती ऐकावी. पाहुण्यांनी रस्ता पायी ओलांडताना मुलांचा हात सोडू नये.

धारगळहून दिवाडीला दोन वाटा आहेत. एक म्हापसा, पर्वरी करून मांडवीवरच्या अटल सेतूने पलीकडे आणि मग रायबंदर किंवा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर. या वाटेला रहदारी फार. दुसरी मला अधिक आवडते. कोलवाळचा पूल ओलांडून थिवी, अस्नोडा, मुळगाव करीत डिचोली आणि तिथून नार्वे. भातशेती, माडांच्या बागा, मध्येच खनिजाची लाल माती. डिचोली भागात खाणी पुन्हा सुरू झाल्याने खनिजाचे ट्रक रस्त्यावर दिसतात. त्यांच्या मागे मागे, अंतर राखून जावे, ओलांडण्याची घाई नको. याच वाटेजवळ शिरगाव आहे. २०२५ च्या मे महिन्यात लईराईच्या जत्रेत तिथे चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर मोठ्या जत्रेचा दिवस सोडून यावे. देवी नंतरही तिथेच असते.

नार्वे हे गाव आपल्या वाचकांनी मुद्दाम पाहावे असे. इथल्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडले, तेव्हा भक्तांनी देव नदीपार डिचोली महालात आणला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने अलीकडे पुन्हा दुरुस्ती करून फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ भाविकांना खुले केले. पण त्याच्याही आधी हा देव गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव होता, आणि त्या कदंबांची दुसरी राजधानी कुठे, तर आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला! गोव्यात बसगाडीवर ‘कदंब’ हे नाव वाचून पुढे जाणाऱ्या आपल्या मुलांना हा धागा कोणीतरी सांगायला हवा. मराठी की कन्नड या वादात अडकलेल्या मोठ्यांनाही सांगायला हरकत नाही.

नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडीला नेते. या बोटी नदी परिवहन खात्याच्या. चालक सराईत असतात. जे काही घडते ते बहुधा चढता-उतरताना, गाडी चालवणाऱ्याच्या चुकीने. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून, बोटीवरचा माणूस हात दाखवील तेव्हाच पुढे घ्यावी. त्याआधी मुलांना आणि वडीलधाऱ्यांना गाडीतून उतरवून पायी चढवावे. बोटीत इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि काचा खाली. रात्री अनोळखी रस्त्याने मोबाइलच्या नकाशावर विसंबून धक्क्याकडे जाऊ नये. नकाशाला रस्ता पाण्यात शिरतो हे कळते, पण बोट पलीकडे गेलेली आहे हे कळत नाही.

बेटावर हिंडायला मोठ्या गाडीची गरज नाही. स्कूटर भाड्याने घ्यायची तर ती धक्क्याअलीकडे, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. पोलिसांचा प्रश्न आहेच, शिवाय अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायची पंचाईत. हेल्मेट दोघांनीही घालावे. बेटावर कोण विचारतो, असे म्हणून ते हँडलला अडकवणारे पाहुणे मी फार पाहिले. रस्ते अरुंद, वळणावर झाडी, आणि गाय मधोमध बसलेली.

दिवाडीला पाहायचे काय? खरे सांगायचे तर फारसे काही नाही, आणि हीच मौज. टेकडीवरचे पिएदादचे चर्च, तिथून दिसणारी मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे. जुन्या नार्व्याची कोटीतीर्थाची तळी. जुन्या पोर्तुगीज धाटणीची घरे, ज्यांच्या ओसरीवर लोक राहतात, म्हणून विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरांचा उत्सव असतो. तेव्हा गर्दी इतकी की फेरीबोटीसाठी ताटकळावे लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो दिवस निवडू नये.

शेतांच्या कडेने मातीचे बांध आहेत. खारे पाणी अडवून भात पिकवायची ही गोव्याची जुनी खाजन शेती. बांधात पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती-ओहोटीला तिथे पाण्याची ओढ जबरदस्त असते. वरून पाणी शांत दिसते म्हणून मुलांना तिथे डुंबायला सोडू नये. शिवाय दिवाडीच्या पलीकडच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, त्या गोष्टीतल्या नव्हेत. पोहायची हौस असेल तर समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतील तिथेच, आणि जून ते सप्टेंबर तिथेही नाही. लाल बावटा दिसला की वाळूतच बसावे.

वेळ उरला तर शेजारचे चोडण पाहावे. त्याला मयेकडून गाडीरस्ता आहे, आणि रायबंदरकडून २०२५ च्या जुलैपासून मोठ्या रो-रो बोटी सुरू झाल्या. कांदळवनातले सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या टोकाला आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. होडीने आत जायचे तर भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. चिखलात उड्या मारणारे निवटे पाहून आमची धाकटी पक्षी विसरून गेली.

मदतीसाठी १०८ हा क्रमांक गोव्यात चालतो, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही. सीमेवर मात्र फोन शेजारच्या राज्यात लागण्याची शक्यता असते. म्हणून आधी राज्य, मग तालुका, मग गावाचे नाव सांगावे. मोठ्या दुखण्याला म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज.

परतताना शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच धक्क्यावर विचारून ठेवावे. संध्याकाळ बेटावर न घालवता दुपारीच नार्व्याला उतरलात तर साखळी, केरी करून चोर्ला घाट उजेडात चढता येतो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथे चहा घ्यावा. जांबोटीहून बेळगावला सरळ न जाता खानापूरकडे वळून मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हलशीला जाऊन भूवराह-नरसिंहाचे कदंबकालीन देऊळ पाहून घ्यावे.