राजीनाम्याची चिठ्ठी

मैत्रिणींनो, वसईतल्या आमच्या चर्चच्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची मी चिटणीस. ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली ही संस्था. गरजूंच्या घरी जाऊन विचारपूस करायची, हेच मुख्य काम.

परवा एका जुन्या सभासद बाईंची राजीनाम्याची चिठ्ठी आली. शाळेतल्या बाईच्या थाटात मी समजूत घालायला निघाले. ओटीवर पोचते तो आतून कण्हणं ऐकू आलं. सासूबाई चार महिने अंथरुणाला खिळलेल्या! आणि मी हजेरीपटावर नुसत्या फुल्या मारत होते. तुम्हीच सांगा, "सोडू नका" कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"तुम्ही जरा पडा," म्हटलं आणि आजींना पेज भरवली. बुधवारी आमच्या दोघीजणी जाणार आहेत. चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्येच आहे.