उलटे आटे

निवृत्तीनंतर हत्यारं दुरुस्त करत बसायचं, हे मी नोकरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. चिंचवडच्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात आयुष्य गेलेलं. घरातली मशीनं म्हणजे काय मोठंसं, असा माझा समज. गच्चीवरच्या खोलीत टेबल ठोकलं, त्याला वाइस बसवला, रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन पाने, बेअरिंग पुलर, सर्क्लिपची पक्कड अशी यथासांग खरेदी केली. हिनं बिलं पाहिली आणि एवढंच विचारलं, "पण आपल्याकडे बिघडलंय काय?"

तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. ती उणीव पुढे मी भरून काढली.

पहिला बळी ड्रिलचा. १३ मिलिमीटर चकचं, दोन्ही दिशांना फिरणारं दणकट मशीन. चालू केलं की आत ठिणग्या दिसायच्या. कार्बन झिजले होते. निदान अगदी बरोबर होतं. पण दुकानात नेमक्या मापाचे कार्बन नव्हते, होते ते किंचित जाड. "घासून घ्या, सगळे तेच करतात," दुकानदार म्हणाला. मी घासले. एक नीट सरकला. दुसरा होल्डरमध्ये अडकतोय, हे बोटाला स्पष्ट कळत होतं. चालवल्यावर बसेल आपोआप, असं स्वतःला सांगून मी टोपण आवळलं.

कार्बन स्प्रिंगच्या जोरावर सतत कम्युटेटरला टेकून राहावा लागतो. आत आर्मेचर मिनिटाला हजारोंनी फेरे घेत असतं. कार्बन अडकला की मध्ये फट पडते आणि त्या फटीत ठिणगी नाचायला लागते. माझ्या नव्या कार्बनची ठिणगी जुन्यापेक्षा थोर निघाली. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शेजारी पडद्याची पट्टी लावून घ्यायला येऊन उभे होते, त्यामुळे मी भिंतीत भोकं पाडून दाखवली. शेवटच्या भोकाला धूर आला. तांब्याच्या पट्ट्या काळ्या ठिक्कर, आर्मेचर जळालेलं.

बरं, नवं आर्मेचर घालून गप्प बसावं की नाही? मशीन उघडलंच आहे तर स्पिंडलचं खरखरणारं बेअरिंगही बदलू, असं मनात आलं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि ‘उघडलंच आहे तर’ हे वाक्य त्या वेळेचाच एक आजार आहे. स्पिंडल काढायचा तर आधी चक उतरवायला हवा. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो, त्यानं चक धरून ठेवलेला असतो. तो सुटेना. तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी पेचकसाच्या दांड्याला पाना लावून सगळा जोर काढला. कट्‌ असा आवाज आला. सुटला एकदाचा, म्हणून मी चक्क हसलो. स्क्रूचं नुसतं डोकं बाहेर पडलं.

आता खरी गंमत. कारखान्यात शिकाऊ पोरांच्या मुलाखतीत माझा एक ठरलेला प्रश्न असायचा: बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट कुठल्या दिशेला फिरवला की सुटतो? उत्तर चुकलं की मी ऐकवायचो, "सायकलचा डावा पेडल कधी काढला नाहीस का रे?" फिरता फिरता जो नट सैल होण्याची भीती, त्याला उलटे आटे. ड्रिल उलट्या दिशेला चालवलं की चक स्पिंडलवरून सुटून येऊ शकतो, म्हणून त्याला धरणारा मधला स्क्रूही उलट्या आट्यांचा. प्रश्न तोच, उत्तर तेच. आणि मी तो स्क्रू रात्रभर तेल पाजून आणखी आवळला होता.

नंतर विचार करताना लक्षात आलं की नोकरीत मी दुरुस्त्या केल्याच नव्हत्या, करवून घेतल्या होत्या. मशीनमध्ये हात फिटरचा असायचा. मी बाजूला उभा राहून "जपून हं" म्हणायचो आणि जॉब कार्डवर सही करायचो. चुकीच्या मापाचा कार्बन आला तर स्टोअर्सवाल्यावर ओरडायचो. घासून बसवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. हे कळायला निवृत्त व्हावं लागलं, आणि तोवर पुलर विकत घेऊन झाला होता.

तुटलेला स्क्रू काढायला ड्रिल लागतं. शेजाऱ्यांचंच मागून आणलं. बिट सरकलं आणि स्पिंडलचे आटे खाऊन गेलं.

शेवटी भोसरीत छोटं दुकान चालवणाऱ्या आमच्या जुन्या फिटरकडे गेलो. त्यानं स्पिंडल उजेडात धरला. "साहेब, हे कुणी केलं?"

"एका दुकानदारानं," मी म्हणालो.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "उलटे आटे असतात. माहीत नसेल बिचाऱ्याला."

आर्मेचर, स्पिंडल, बेअरिंग असा हिशेब नव्या ड्रिलच्या किमतीपुढे गेला, म्हणून नवंच घेतलं. तुमचं ड्रिल दोन्ही दिशांना फिरणारं असेल आणि चकच्या तळाशी स्क्रू दिसत असेल, तर तो घड्याळाच्या दिशेनं फिरवा, सुटेल. त्यानंतर चक मात्र नेहमीसारखाच, घड्याळाच्या उलट दिशेनं निघतो. तिथे जास्तीचं शहाणपण नको. हे दुसरं मला फिटरनं सांगितलं, मी न विचारता.