डब्यात डबा

आमची चेंबूरची, म्हणजे टिळकनगरातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि महिनाअखेर जागा रिकामी करायची ठरली. तेव्हा आईची लोखंडी ट्रंक उघडणं आलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. तोवर तिला हात लावायचा धीर कुणाला झाला नव्हता.

ट्रंकेत डबे, डब्यांत डब्या, डब्यांत पुरचुंड्या! बिस्किटांच्या डब्यात सुयादोरे, तर बोर्नव्हिटाच्या डब्यात १९७९ सालची विजेची बिलं. आई असती तर बसल्या जागेवरून म्हणाली असती, "डावीकडच्या डब्यातली चपटी डबी बघ."

आमचे चिरंजीव ऑफिसात पर्ल नावाच्या भाषेतले जुने प्रोग्रॅम सांभाळतात. लिहिणारे सोडून गेलेले, त्यामुळे आत काय आहे हे तिथंही कुणाला ठाऊक नसतं. ते म्हणाले, "बाबा, सोपं आहे. पेटीला हॅश म्हणायचं. किल्ल्या आधी माहीत नसल्या तरी चालतं. 'कीज' म्हटलं की पेटीच आपल्या किल्ल्या सांगते. एकेक किल्ली घेऊन आत हात घालायचा. हाताला लागेल त्याला 'रेफ' लावून विचारायचं, तू पेटी की वस्तू? वस्तू असली तर लिहून घ्यायची. पेटी निघाली, तर तिच्यावर हाच उद्योग पहिल्यापासून!"

"हे आम्ही दर दिवाळीला करतो," ही म्हणाली. "त्याला भाषा म्हणायचं सुचलं नाही एवढंच."

ही भाषा लॅरी वॉल या गृहस्थांनी १९८७ साली आणली. डब्यात डबा ठेवायची नीट सोय १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत झाली. आईची सोय त्याच्या कितीतरी आधीची.

आम्ही कामाला लागलो. पितळी डब्यात चिठ्ठी निघाली: 'कपाटाची किल्ली शिवणाच्या डब्यात.' शिवणाच्या डब्यात दुसरी: 'किल्ली पितळी डब्यात.' मी चार फेऱ्या मारल्या. चिरंजीव हसले. "प्रोग्रॅम असाच गरगरत राहतो, बाबा. पाहिलेल्या पेट्यांची वही ठेवावी लागते." किल्ली अखेर देवघरात, पाटाखाली सापडली.

सगळ्यात तळाच्या डबीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर आईच्या अक्षरात 'बाळ्या'. बाळ्या म्हणजे मी. थोरल्या भावाच्या तावडीतून वाचवलेले दोन बेसनलाडू माझ्यासाठी या डबीत असत. थरथरत्या हातानं उघडली. रिकामी.

"पर्लमध्येही असं असतं," चिरंजीव हळूच म्हणाले. "'एक्झिस्ट्स' विचारलं तर 'हो' येतं, 'डिफाइन्ड' विचारलं तर 'नाही'. नाव आहे, आत काही नाही. यादीत काय लिहू?"

"लाडू लिही."

"पण ते संपलेत ना?"

"मीच संपवलेत," मी म्हटलं आणि डबी खिशात टाकली.